जुनी कयाक गप्प करताना: फ्लोरिडातल्या एका हिवाळ्याच्या नोंदी

मिशिगनचा बर्फ चुकवून आम्ही दोघं नोव्हेंबर ते मार्च फोर्ट मायर्सजवळ राहतो. इथे भाड्याने कयाक, म्हणजे वल्ह्यांची निमुळती छोटी होडी, हवी तिथे मिळते, पण ती चालवली की एवढा खडखडाट होतो की बगळे आपल्याला दिसायच्या आधीच उडालेले असतात. म्हणून यंदा स्वतःची घ्यायची ठरवली. जुनी, दोघांची आणि शक्य तेवढी बिनआवाजी. वेग नको, लांबचा पल्लाही नको. पाण्यावर एका जागी गपचूप थांबता आलं पाहिजे, एवढंच. कोणाला असा उद्योग करायचा असेल तर वेळ आणि पैसे वाचावेत म्हणून या नोंदी.

२४ नोव्हेंबर

जाहिरात बघून एक वापरलेली टँडम, म्हणजे दोघांची, कयाक बघायला गेलो. वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप, पॉलिएथिलीनची, साधारण साडेतेरा फूट. मालक चारशे डॉलर म्हणत होता, तीनशेवीसला दिली. दोन वल्ही आणि एक कुबट वासाचं लाइफ जॅकेट वर मिळालं. जॅकेट घरी येताच टाकून दिलं.

अशी कयाक घेताना ती उलटी करून घ्या आणि पाणी निथळायची भोकं, म्हणजे स्कपर होल, बोट घालून तपासा. गाडी लावतो तिथून पाण्यापर्यंत कयाक न्यायला चाकांचा जो गाडा मिळतो त्याचे खुंटे बरेच जण याच भोकांत खुपसतात. सगळं वजन भोकाच्या कडेवर येतं आणि तिथेच तडा जातो. आमच्या कयाकच्या मागच्या डाव्या भोकात तडा होताच, आणि त्यावर इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) थापलेलं होतं. नखाने उचकटलं तर पापुद्रा निघाला तसं सगळं हातात आलं. पॉलिएथिलीनला इपॉक्सी धरत नाही. प्लॅस्टिकवर आधी ज्योत फिरवून आणि खास लवचीक इपॉक्सी वापरून थोडंफार जमतं म्हणतात, पण भोकाच्या आत वाकडी ज्योत घालणं मला काही पटलं नाही. भाव खाली आणायला मात्र हा पापुद्रा कामी आला.

२७ नोव्हेंबर

दिसतो तेवढाच तडा आहे का, हे बघायला हवं होतं. आत पाणी भरून बघण्यापेक्षा हवेची पद्धत बरी. व्हॅक्युम क्लीनरची नळी हवा बाहेर फेकणाऱ्या बाजूला लावायची, ती ड्रेन प्लगच्या, म्हणजे आतलं पाणी काढायच्या बुचाच्या, भोकात चिंधीने घट्ट बसवायची, कमी जोरावर चालू करायची आणि कयाकभर साबणाचं पाणी फवारायचं. जिथे गळती तिथे बुडबुडे. जोर जास्त ठेवू नका, कयाक फुगते.

बुडबुडे तीन ठिकाणी आले. स्कपरचा तडा अपेक्षितच होता. मागच्या हँडलच्या स्क्रूभोवती बारीक फेस आला. आणि पुढच्या झाकणाखाली तर फेसाचा ढीग झाला, कारण रबराची कड उन्हाने कडक होऊन आखडली होती. स्क्रू काढून मरीन सीलंट घालून परत बसवला. झाकणाला फोमची नवी पट्टी लावली. दोन्ही मिळून तासाभराचं काम.

२ डिसेंबर

तडा वेल्डिंगने बुजवायचा. शेजारचे आजोबा ओहायोचे, आयुष्य गाड्यांचे बंपर दुरुस्त करण्यात गेलं. त्यांच्याकडे हॉट एअर गन होती आणि सांगण्याचा उत्साहही होता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "रॉड कसला आणलास?" मी दुकानातून एचडीपीईचे, म्हणजे कडक जातीच्या पॉलिएथिलीनचे, रॉड आणले होते. पाकिटावर पॉलिएथिलीन लिहिलेलं, मग तेच असणार. पण साच्यात फिरवून बनवलेल्या कयाक बहुतेक करून एलएलडीपीईच्या, म्हणजे त्याच्याच मऊ जातीच्या, असतात. दोन्हींची वितळण्याची तऱ्हा वेगळी. रॉड अजून ताठ असतो तेव्हा कयाकचं प्लॅस्टिक पाझरायला लागतं.

तरी करून बघितलं. वरून शिवण छान दिसली. थंड झाल्यावर स्क्रूड्रायव्हरने दाबली तर एका कडेने उघडली. चार तास पाण्यात.

५ डिसेंबर

एलएलडीपीईचे रॉड मागवून दुसरा प्रयत्न. या वेळी जमलेला क्रम असा. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक ड्रिलने एकेक भोक, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. मग तड्याच्या बाजूने चाकूने इंग्रजी व्ही आकाराची खाच. अल्कोहोलने पुसून घेणं. मग गरम हवा, आणि हवा रॉडवर नाही, आधी कयाकवर. प्लॅस्टिक ओलसर दिसावं तसं चकाकायला लागलं की रॉडचं टोक त्यात दाबायचं आणि दोन्ही एकजीव होईपर्यंत हळूहळू पुढे सरकायचं. प्लॅस्टिक तपकिरी पडलं किंवा धूर आला तर जळलं समजा. जळालेला भाग ठिसूळ होतो. तो खरवडून परत करावा लागतो.

भोकाच्या आतल्या गोल भागात गन जात नव्हती. तिथे सपाट टोकाची सोल्डरिंग इस्त्री वापरली आणि स्टेनलेसच्या जाळीचा छोटा तुकडा प्लॅस्टिकमध्ये वितळवून दाबून बसवला. जाळीचं एकही टोक वर राहता कामा नये, नाहीतर अनवाणी पायाला लागतं. रात्रभर थंड होऊ दिलं. सकाळी साबणाचं पाणी फवारलं, बुडबुडा नाही. रॉड, जाळी, इस्त्रीचं टोक, सीलंट सगळं मिळून अडतीस डॉलर. त्यातले अकरा चुकीच्या रॉडचे.

९ डिसेंबर

लव्हर्स की स्टेट पार्कच्या आतल्या पाण्यात पहिली फेरी. तिथे वारा कमी आणि खारफुटी दोन्ही बाजूंना. आज पक्षी बघायचेच नव्हते. नवरा वल्हवत होता आणि मी पुढे बसून वही काढून आवाज लिहीत होते. तो म्हणाला, अशी सहल मी जन्मात पाहिली नाही.

वल्ह्याचा दांडा कडेला आपटतो, हा आवाज सगळ्यात मोठा. सिट-ऑन-टॉप आतून पोकळ असते, त्यामुळे नुसती बांगडी लागली तरी ढोल वाजल्यासारखं होतं. मग वल्हं वर आलं की पात्यावरून थेंब गळतात ते. बाटली पायाशी घरंगळते. कॅमेऱ्याच्या पिशवीचं वेल्क्रो. हे वेल्क्रो भयंकर निघालं. वीसेक मीटरवर एक हिरवट बगळा मुळावर बसून मासा टिपायच्या बेतात होता, मी पिशवी उघडली आणि तो गेला. शेवटचा आवाज सगळ्यात अवघड: वारा समोरून आला की लाट पुढच्या सपाट तळाला थापटते. थप, थप, थप. वल्हवणं थांबवलं तरी तो चालूच राहतो.

१४ ते १६ डिसेंबर

तीन दिवस गॅरेजमध्ये गेले.

पोकळपणा कमी करायला पुढच्या झाकणातून आत फोमचे लांब नळे सारले, पोहायच्या तलावात मुलं खेळतात ते पूल नूडल. डझनभर बसले. ते आत घट्ट दाबून बसले पाहिजेत. सैल राहिले तर ते स्वतःच आत सरकत आवाज करतात. आवाज निम्म्याने खाली आला, आणि कुठे गळती झालीच तर कयाक पाण्यावर राहील, हा दुसरा फायदा. ड्रेन प्लगपाशी मात्र जागा मोकळी सोडा. आम्ही सोडली नव्हती आणि पाणी काढायला एक नळा परत ओढून काढावा लागला.

कडेला, जिथे दांडा लागतो तिथे, ईव्हीए फोमची पट्टी. मागे गोंद लावून मिळणारी चिकटपट्टी घेऊ नका. दुपारच्या उन्हात गोंद वितळून पट्टी खाली लोंबली. तीच पट्टी गोंद खरवडून काढून दोन्हीकडे कॉन्टॅक्ट सिमेंट लावून, पंधरा मिनिटं थांबून, मग दाबली. ती शेवटपर्यंत टिकली.

वल्ह्यावर रबरी कड्या होत्याच, त्या पात्याच्या जवळ सरकवल्या. दांड्यावरून हातापर्यंत येणारं पाणी थांबलं, पण पात्यावरून गळणारे थेंब त्याने थांबत नाहीत. त्याला उपाय हाताचाच आहे, तो पुढे लिहिते.

कॅमेऱ्याच्या पिशवीचं वेल्क्रो उसवून त्या जागी दोरीचा फासा आणि लाकडी खुंटी शिवली. क्लिप लावायचा विचार होता, पण क्लिपचा टक् आवाज वेल्क्रोपेक्षा फारसा बरा नाही. बाटल्यांना जुने मोजे घातले. नवऱ्याच्या किल्ल्या, नाणी वगैरे गाडीतच ठेवायची असं ठरलं.

१९ डिसेंबर

लाटेच्या थापेवर आज उपाय सापडला, तोही पैशाशिवाय. नवरा मागे बसतो आणि तो माझ्यापेक्षा बराच जड. त्यामुळे पुढचं टोक वर उचललेलं राहायचं आणि लाट त्याच्या खाली शिरायची. पिण्याच्या पाण्याचे कॅन, जेवणाचा डबा, नांगर असं सगळं जड सामान पुढे ठेवलं आणि माझी सीट एक खाच पुढे सरकवली. टोक पाण्यात थोडं बसलं आणि थाप जवळजवळ गेली. कयाक सरळ मात्र कमी राहते, वाऱ्यात तोंड फिरवते. आम्हाला लांब जायचं नसल्याने ते चालतं. ज्यांना रोज दहा मैल मारायचे आहेत त्यांनी हे करू नये.

थांबायचं असेल तेव्हा कयाकचं तोंड लाटेला थेट समोर न ठेवता थोडं तिरकं ठेवलं की उरलासुरला आवाजही जातो.

२२ डिसेंबर

नांगर. घडीचा, चार नख्यांचा, साखळीसकट घेतला होता. साखळी भोकावरून खळखळत गेली आणि समोरच्या वाळूच्या दांड्यावरचा सगळा थवा उठला. शिवाय इथल्या उथळ पाण्यात खाली समुद्रगवत असतं. नांगराच्या नख्या ते उपटतात. मॅनेटी, म्हणजे इथले पाण्यात राहणारे मोठे, संथ सस्तन प्राणी, हेच गवत खातात. २०२१ मध्ये फ्लोरिडात सुमारे ११०० मॅनेटी मेले, त्यातले बरेचसे पूर्व किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये गवत नाहीसं झाल्यामुळे उपासमारीने. ते माहीत असताना नांगर टाकायला हात धजेना.

त्याऐवजी आठ फुटी फायबरग्लासची काठी घेतली, एका टोकाला टोकदार, दुसऱ्याला आडवी मूठ. ती चिखलात रोवायची आणि दोरीने कयाकला अडकवायची. आवाज शून्य. पण काठी कयाकच्या मध्यावर, कडेला बांधू नका. प्रवाह असला की कयाक आडवी होते आणि एका बाजूला कलते. आमची कललीही, पाणी गुडघाभर होतं म्हणून कपडे भिजण्यावर भागलं.

मग डाव्या बाजूने पुढून मागे एक दोरीचा फेरा लावला, दोन्ही टोकांना छोट्या कप्प्या, मध्ये एक कडी. काठीची दोरी कडीतून ओवायची आणि फेरा ओढून कडी हवी तर पुढच्या टोकाला, हवी तर मागच्या टोकाला न्यायची. त्यामुळे बसल्या जागेवरून कयाकचं तोंड फिरवता येतं आणि सूर्य पाठीशी घेता येतो. कप्प्या, कडी, दोरी, रिव्हेट, काठी मिळून चौऱ्याऐंशी डॉलर. या सगळ्या खटाटोपात मूळ कयाकनंतर सर्वांत मोठा खर्च हाच, आणि परत करायची वेळ आली तर सगळ्यात आधी हाच करीन. काठी कालवांच्या खडकावर आणि चुनखडीच्या तळावर मात्र रुतत नाही.

६ जानेवारी

उत्तरेकडून थंडीची लाट आली. पहाटे फॅरनहाइटमध्ये चाळिशीत तापमान, इथल्या मानाने हुडहुडी. याचीच वाट बघत होतो. पाणी ६८ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे २० सेल्सियसच्या खाली गेलं की मॅनेटी समुद्र सोडून कोमट पाणी शोधतात. फोर्ट मायर्सला ऑरेंज रिव्हरवर मॅनेटी पार्क आहे. तिथे वीजकेंद्रातून बाहेर पडणारं कोमट पाणी नदीला मिळतं आणि थंडीत मॅनेटी तिथे गोळा होतात. उबदार आठवड्यात तिथे गेलात तर नुसती नदी दिसेल. डिसेंबरमध्ये आमच्या ओळखीचे दोन-तीन जण असेच हात हलवत परतले होते.

मॅनेटी कसा शोधायचा, तर पाण्याखाली बघू नका. नदीचं पाणी चहाच्या रंगाचं आहे, खाली काही दिसत नाही. पृष्ठभागावर बघा. तो शेपूट वरखाली मारत जातो आणि प्रत्येक फटकाऱ्याला पाण्यावर एक गोल, गुळगुळीत, तेलकट दिसणारा ठसा उमटतो. वाऱ्याने आजूबाजूचं पाणी सुरकुतलेलं असतं, त्यामुळे ठसा उठून दिसतो. ठसे ओळीने येत असले तर तो चालला आहे आणि कुठल्या दिशेला तेही कळतं. मग वल्हं मांडीवर आडवं ठेवून थांबायचं. चालता मॅनेटी थोड्या थोड्या वेळाने श्वासाला वर येतो, विश्रांती घेणारा वीस मिनिटंसुद्धा खाली राहू शकतो.

आमच्या काठीपासून दोन-तीन हातांवर एक वर आला. आधी फक्त नाकपुड्या, त्यांवरच्या दोन झडपा उघडल्या, फुस्स करून हवा सोडली, आत ओढली, झडपा मिटल्या. पाठीवर शेवाळ होतं आणि त्यातून तिरके पांढरे ओरखडे, मोटरबोटीच्या पंख्याचे. पूर्ण वाढलेला मॅनेटी साधारण दहा फूट लांब आणि हजार पौंड वजनाचा असतो. तो कयाकखालून गेला तेव्हा कयाक इंचभर उचलली गेली. अशा वेळी वल्हं पाण्यात खुपसून तोल सावरायला जाऊ नका, कंबर सैल सोडा. तो आपणहून आला तर हरकत नाही. आपण त्याच्यामागे जायचं नाही, वेढायचं नाही, हात लावायचा नाही, खायला किंवा नळाचं पाणी द्यायचं नाही. राज्याचा १९७८ चा मॅनेटी कायदा आहे आणि संघराज्याचे वेगळे. जिथे प्रवेशबंदीची पाटी दिसेल तिथून मागे.

१३ जानेवारी

सॅनिबेल बेटावर टार्पन बे. हा डिंग डार्लिंग अभयारण्याचा भाग. १९४५ मध्ये अभयारण्य झालं, १९६७ मध्ये जे. एन. 'डिंग' डार्लिंग या व्यंगचित्रकाराचं नाव दिलं. बदकांच्या शिकारीसाठी घ्यावं लागणाऱ्या संघराज्याच्या पहिल्या तिकिटावरचं चित्र त्यानेच काढलं होतं.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक छापून नेलं होतं. सुकतीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी खायला उतरतात, म्हणून उतरत्या पाण्याबरोबर आत जायचं आणि सुकतीच्या आधी तासभर निघायचं, असा बेत. वेळापत्रकात वारा नसतो. थंडीच्या लाटेमागून दोन दिवस उत्तरेचा वारा वाहत होता आणि त्याने खाडीतलं पाणी बाहेर ढकललं होतं. छापलेल्या सुकतीच्या दीड तास आधीच आम्ही गाळावर बसलो.

उतरून ओढू नये. गाळ मांडीपर्यंत आणि मध्येमध्ये कालवांची धारदार टोकं. बसून राहिलो, जवळपास तीन तास. पण या जबरदस्तीच्या मुक्कामात जे दिसलं ते वल्हवत फिरून दिसलं नसतं. गुलाबी चमचे, म्हणजे चमच्यासारख्या चोचीचे स्पूनबिल पक्षी, चोच अर्धवट उघडी ठेवून डावीकडे-उजवीकडे झाडू मारत येत होते. चोचीला काही लागलं की ती मिटते, डोळ्यांनी बघून पकडत नाहीत. एक तांबूस बगळा पंख पसरून दारुड्यासारखा धावत, गिरक्या घेत मासे हुसकावत होता. कयाक त्यांच्या हिशेबात एक ओंडका झाली होती.

पुढच्या वेळेसाठी: उत्तरेचा वारा असेल तर सुकतीच्या वेळेत दोन तास वजा करायचे. जास्तीचं पाणी आणि टोपीला मानेवरचा पडदा. नो-सी-अम नावाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या चिलटांनी संध्याकाळी नवऱ्याचे कान सोलून काढले.

२५ जानेवारी

क्रिस्टल रिव्हर, गाडीने साडेतीन-चार तास उत्तरेला. इथलं किंग्ज बे झऱ्यांवर पोसलेलं, झऱ्याचं पाणी बारा महिने ७२ फॅरनहाइट. मॅनेटींसाठीच १९८३ मध्ये इथे अभयारण्य झालं. थ्री सिस्टर्स स्प्रिंग्जचं निळं पाणी फोटोत सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च तिथे कयाक नेता येत नाही. काठावर लाकडी पायवाट आहे, तिच्यावरून बघायचं. खाडीत दोऱ्या आणि तरंगती खूण लावून काही जागा मॅनेटींसाठी राखून ठेवल्या आहेत.

मॅनेटी भरपूर दिसले, पाणी नितळ असल्याने नख्यांसकट. पण सकाळी पोहणाऱ्यांच्या बोटी, फुग्यासारखे कपडे घातलेले लोक, हाका. नियम सगळे पाळत होते, तरी आम्ही तासाभरात मागे फिरलो. ऑरेंज रिव्हरचं गढूळ पाणी मला जास्त आवडलं. ज्यांना मॅनेटी नीट बघायचाच आहे त्यांनी मात्र इथेच यावं, आणि पहाटे यावं.

८ फेब्रुवारी

बिग सायप्रसमध्ये टर्नर रिव्हर. हा भाग १९७४ पासून राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र आहे. खारफुटीचे बोगदे इतके अरुंद की साडेआठ फुटी दुहेरी वल्हं आडवं होत नाही. पाच मिनिटांत ते फांदीत अडकलं आणि वरून कोळी अंगावर. वल्हं मध्ये सुटतं, ते सोडवून एकेक पातं हातात घेतलं. टोकाला मूठ नव्हती म्हणून टेनिसचा चेंडू कापून बसवला.

आणि इथेच थेंबांचा प्रश्नही सुटला. एका पात्याने वल्हवताना ते पाण्याबाहेर काढायचंच नाही. मागे ओढून झालं की पातं पाण्यातच फिरवायचं, कड पुढे करायची आणि सुरीने कापावं तसं पुढे न्यायचं. थेंब नाहीत, आपटणं नाही. वेग अर्धा होतो आणि पहिल्या दिवशी खांदा बोलतो. तरीही तेव्हापासून पक्षी जवळ आले की आम्ही दुहेरी वल्हं ठेवूनच देतो.

मगरी, म्हणजे ॲलिगेटर, हिवाळ्यात उन्हाला काठावर पडलेल्या असतात. अंग तापल्याशिवाय त्यांना हालचाल जड जाते. पण बिनआवाजी कयाकचा हा तोटा लक्षात घ्या: वळणावर आपण कळायच्या आत समोर उभे. झोपलेली मगर दचकून पाण्यात उतरते ती आपल्याच दिशेला. म्हणून आंधळ्या वळणाआधी मी मुद्दाम वल्ह्याने कडेवर दोनदा टकटक करते. मगरीला खायला घालणं बेकायदा आहे आणि ज्या मगरीला कोणीतरी घातलंय ती कयाक बघून दूर जायच्या ऐवजी जवळ येते. तशी दिसली तर परत फिरा.

अन्हिंगा, आपल्या तिरंदाजाचा भाऊबंद, पंख वाळवत फांदीवर बसलेला. हाताच्या अंतरावरून गेलो, मान फक्त वळवली. इथे येणाऱ्यांनी फेब्रुवारीच गाठावा. कोरडा हंगाम पुढे सरकला की वरचा भाग आटतो आणि कयाक ओढावी लागते.

१९ फेब्रुवारी

खाऱ्या पाण्याने हिशेब मागितला. कप्प्यांचे नट झिंक चढवलेले होते, स्टेनलेस नव्हते. एक गंजून जाम झाला आणि फेरा सरकेना. चारही कापून ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे बसवले, नऊ डॉलर. आधीच घेतले असते तर दुपार वाचली असती. आता प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुणं, कप्प्या आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्याचे दुवे आधी.

२७ फेब्रुवारी

मॅटलाशे पास नावाची खाडी. पांढरे झोळीवाले, म्हणजे पेलिकन, वाळूच्या दांड्यावर. हे उत्तरेकडच्या तळ्यांवर वीण करतात आणि हिवाळ्याला इकडे येतात, आमच्यासारखेच. पंखांचा पसारा नऊ फूट. इथले तपकिरी झोळीवाले उंचावरून सूर मारतात, पांढरे तसं करत नाहीत. रांग धरून मासे उथळात हाकलतात आणि एकदम चोची बुडवतात.

किती जवळ जायचं याचं फुटात उत्तर नाही, पक्षीच सांगतो. खाणं थांबलं आणि मान ताठ झाली की आपण आधीच जास्त जवळ आलो आहोत. तिथून दोन-तीन हात मागे या, काठी रोवा. पाच मिनिटांत मान परत खाली जाते. काही पक्षी उभे राहून अंग झटकायला लागले तर उडायच्या बेतात आहेत, लगेच सरका. घरट्यांच्या बेटांवर पाट्या असतात, त्यांच्या आसपासही नको. डॉल्फिन असतील तर पन्नास यार्ड लांब.

२८ मार्च

आवराआवर. एकूण खर्च, कयाक धरून, पाचशेच्या थोडा वर. गॅरेजमध्ये गेलेला वेळ पाण्यावरच्या वेळापेक्षा जानेवारीपर्यंत तरी जास्त होता.

उन्हाळ्यात बंद गॅरेज भट्टीसारखं तापतं आणि पॉलिएथिलीन मऊ पडतं. पट्ट्याने आवळून ठेवली की तळाला खड्डे पडतात. म्हणून कयाक कडेवर उभी, खाली दोन रुंद फोमचे ठोकळे, पट्टा सैल. झाकण काढलेलं, प्लग काढलेला. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, तेव्हा बाहेर अंगणात ठेवायचा प्रश्नच नाही. २०२२ मध्ये इयन चक्रीवादळानंतर खारफुटीत लोकांच्या खुर्च्या, फ्रिज आणि कयाकही अडकलेल्या होत्या.

पुढच्या हिवाळ्यासाठी बाकी कामं: मागच्या सीटचा कुरकुरणारा पट्टा बदलणे, वल्ह्याला टेनिसच्या चेंडूऐवजी खरी लाकडी मूठ, काठीचा दोन तुकड्यांत सुटणारा प्रकार मिळतो का बघणे, आणि स्कपरच्या वेल्डिंगवर परत एकदा साबणाचं पाणी. कयाक न्यायच्या गाड्याचे खुंटे करवतीने कापून टाकले आहेत. त्यावर आता रुंद पट्ट्याची झोळी शिवायची आहे, माप सव्वातीन फूट.